डावीकडची पट्टी गेली कुठे?

दोस्तांनो, समजा तुम्ही दिवाळीची सुट्टी मामाकडे घालवून छत्रपती संभाजीनगरला परत आलात आणि बघता तर काय! भडकल गेट सिडकोत, पैठण गेट रेल्वे स्टेशनपाशी आणि दिल्ली गेटच्या जागी मकई गेट! दरवाजे तेच, एक चिरासुद्धा निखळलेला नाही, फक्त जागा बदललेल्या. आता घरी कसे जाल? आपल्या गावात पत्ता सांगायचा तो दरवाज्यांवरूनच ना!

आमच्या शाळेत २०२३ च्या दिवाळीनंतर थोडंफार असंच घडलं. शाळा गावाबाहेरची. कुणीतरी देऊन टाकलेले चार जुने संगणक आमच्याकडे आहेत. त्यांच्यावर डेबियन नावाची प्रणाली आहे. ही लिनक्सच्या घराण्यातली, फुकट मिळणारी आणि कुणीही उघडून आतलं पाहावं, बदलावं अशी. देखभाल माझा धाकटा भाऊ करतो. सुट्टीत त्यानं डेबियन ११ काढून १२ टाकलं. "टाकू का ताई?" असं त्यानं विचारलं होतं म्हणे. मी फराळाच्या गडबडीत "टाक रे बाबा" म्हटलं आणि विसरून गेले.

चौथीत एक मुलगी होती. इंग्रजी वाचताना अडखळायची, पण टक्स पेंटवर चित्र काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा रस्ता ठरलेला. माऊस वरच्या डाव्या कोपऱ्यात न्यायचा, डाव्या हाताला चित्रांची उभी पट्टी यायची, त्यातलं वरून तिसरं दाबायचं. अक्षर वाचायची गरजच नाही. त्या दिवशी माऊस डावीकडे गेला आणि तिथे काहीच नाही! तिनं हात काढून घेतला. पुढच्या दोन तासांना आपली पाळी तिनं दुसऱ्यांना देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, सुट्टीच्या आधी मीच शेवटी बंद केलता. माझ्याच्यानं बिघडला का?"

मला फार वाईट वाटलं. पोर तीन दिवस हे मनात धरून बसली होती आणि मी मात्र "ही आजकाल आळशी झाली" असं समजत होते.

पट्टी गेली नव्हती, बरं का. ती खाली, आडवी होऊन बसली होती. समोरच होती, पण सवयीचा हात जिथे जातो तिथेच डोळाही जातो.

मग आम्ही मुलांनी आणि मी मिळून शोधायला घेतलं, की ही पट्टी हलवली कुणी? संगणकाच्या आत काम करणारं लिनक्स वेगळं आणि पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, पट्ट्या, याद्या सांभाळणारं वेगळं. या दुसऱ्याला डेस्कटॉप म्हणतात. घर तेच ठेवून स्वयंपाकघरातला ओटा आणि फडताळ बदलावं, तसा लिनक्समध्ये डेस्कटॉप बदलता येतो. आमच्याकडचा डेस्कटॉप ग्नोम. (पुष्कळ लोक नुसतं 'नोम' म्हणतात. चालतं!) मेक्सिकोच्या दोन तरुणांनी १९९७ मध्ये तो सुरू केला. मार्च २०२१ मध्ये ग्नोम ४० आला, त्यात पट्टी डावीकडून खाली आली. डेबियन ११ मध्ये जुनाच ग्नोम होता, म्हणून आम्हाला तो धक्का अडीच वर्षं उशिरा बसला.

पण खरी धमाल झाली होती ती त्याच्याही आधी, एप्रिल २०११ मध्ये. ग्नोम ३ आला आणि खिडकी लहानमोठी करायची बटणंच गायब! पडद्यावर मांडून ठेवलेली चित्रंही गेली. जगभरचे लोक चिडले. खुद्द लिनक्सचा जन्मदाता लिनस टॉरवाल्ड्स जाहीरपणे वैतागला आणि एक्सएफसीई नावाच्या साध्या डेस्कटॉपकडे निघून गेला. (दोनेक वर्षांनी परतही आला, हं!) म्हणजे आमच्या चौथीतल्या मुलीचं आणि लिनसचं दुखणं एकच.

त्याच सुमारास अर्जेंटिनातल्या एकानं वेगळंच केलं. रुसून बसण्याऐवजी त्यानं जुन्या ग्नोमची प्रत घेतली आणि ती स्वतः सांभाळायला सुरुवात केली. तिकडे आपल्या चहासारखं एक पेय पितात, 'माते'. तेच नाव त्यानं आपल्या डेस्कटॉपला दिलं. वर्गात हे नाव सांगितलं तर मुलं हात जोडून "माते!" असं नाटकातल्यासारखं ओरडायला लागली. असो. माते आजही चालू आहे. जुनं आवडणाऱ्यांची सोय झाली आणि नवं करणाऱ्यांनाही कुणी अडवलं नाही.

विंडोजचं तसं नसतं. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण गेलं, तेव्हा लोकांना आरडाओरडा करून वाट पाहावी लागली. २०१३ मध्ये कंपनीनं ते परत दिलं. परत द्यायचं की नाही, हे ठरवणार कंपनीच.

पण मुक्त प्रणालीतही सगळं गोड नसतं, हे सांगायलाच हवं. उबुंटूनं २०१० मध्ये खिडकी बंद करायचं बटण उजवीकडून डावीकडे नेलं, सात वर्षं लोकांकडून गिरवून घेतलं आणि २०१७ मध्ये पुन्हा उजवीकडे आणलं! मला तर हा पोरखेळच वाटतो.

सवय नसेल तर मात्र काहीच अडत नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. त्यांच्यावर 'शुगर' नावाचा डेस्कटॉप होता. मधोमध एक माणसाची आकृती, भोवती कामांची चित्रं आणि केलेलं काम आपोआप रोजनिशीत जमा. मोठी माणसं "फोल्डर कुठाय?" विचारत बसली असती. मुलांनी आधी फोल्डर पाहिलाच नव्हता, मग शोधणार कशाला?

आमच्याकडे काय झालं? भावाला बोलावलं. 'डॅश टू डॉक' नावाची एक छोटी जोडणी असते, तिनं पट्टी हवी तिथे नेता येते. मी म्हटलं, चारही ठिकाणी डावीकडे ने. तर तिसरीची मुलं भांडायला उठली, "आम्हाला खालचीच आवडते!" शेवटी दोन संगणकांवर डावीकडे आणि दोनवर खाली, असा तह झाला. त्या मुलीनं डावीकडच्यावर मोर काढला. आठवड्यानंतर एकदा तो संगणक रिकामा नव्हता, तर ती कुणाला न विचारता खालच्या पट्टीवाल्यावर जाऊन बसली.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं. भाऊ लगेच म्हणाला, "ताई, दिवाळीच्या सुट्टीत टाकू?"

मी म्हटलं, "सुट्टीत नको. शाळा चालू असताना ये आणि मुलांसमोर टाक."