ट्रायकोकार्डावरचा मित्रकीटक ओळखायचा कसा?



उसातल्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावलं की बरेच जण विचारतात, “कार्डावर नुसते काळे दाणे आहेत, कीटक कुठंय?” चार दिवस काही दिसलं नाही की पंप पाठीवर येतो. मग कार्डाचा पैसाही जातो आणि मित्रकीटकही मरतो. म्हणून आज या कीटकाची नीट ओळख करून घेऊ.

*काळे दाणे म्हणजे काय?*
ती साठवलेल्या धान्यात होणाऱ्या एका पतंगाची अंडी आहेत. प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामाचं पिल्लू वाढत असतं. मूळ अंडं पांढरट असतं; ट्रायकोग्रामाने त्यात आपलं अंडं घातल्यावर तीन-चार दिवसांत ते काळं पडतं. म्हणजे काळा रंग ही कार्ड चांगलं असल्याची खूण आहे. कार्डावर पांढरट अंडी जास्त दिसली तर ते घेऊ नका.

*कीटक दिसतो कसा?*
▪️ लांबी साधारण अर्धा मिलिमीटर. खसखशीच्या दाण्यापेक्षाही बारीक.
▪️ रंग पिवळसर तपकिरी, पोट गडद. डोळे लालभडक.
▪️ पंखांवर बारीक केसांच्या ओळी. ‘ट्रायकोग्रामा’ हे नावही ग्रीक भाषेतल्या ‘केस’ आणि ‘रेघ’ या शब्दांवरून आलंय.
▪️ नराच्या मिशांवर लांब केस असतात. मादीच्या मिशा टोकाला गदेसारख्या जाड असतात.
▪️ पायाच्या टोकाला तीनच पेरं. शास्त्रज्ञ या कुळाला त्यावरून ओळखतात.

हा गांधीलमाशी आणि मधमाशी यांच्याच गणातला, पण माणसाला चावत नाही की डंख मारत नाही. मादीची अंडं घालायची नळी फक्त किडीच्या अंड्याला भोक पाडून आत अंडं घालण्यापुरती असते.

खोडकिडीवर वापरायची जात ट्रायकोग्रामा चिलोनिस, तर शेंडे किडीवर ट्रायकोग्रामा जपोनिकम. नुसत्या डोळ्यांनी जात ओळखू येत नाही. कार्डावरचं नाव वाचूनच घ्या.

*इतका लहान असल्याने काय होतं?*
१) तो किडीच्या अंड्यात मावतो. आतला गर खाऊन तिथेच वाढतो, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. पण एकदा अळी उसाच्या कोंबात शिरली आणि पोंगा वाळला, की तिथे याचा उपयोग नाही. म्हणून कार्ड पतंग दिसू लागताच लावायचं.
२) त्याला लांब उडता येत नाही. एकाच जागी कार्ड टांगून भागत नाही. पट्ट्या कापून रानभर सारख्या अंतरावर, पानाच्या खालच्या बाजूला पिनने टाचा. एकरी २ ते ३ कार्डे, दर १० दिवसांनी, ३ ते ४ वेळा.
३) ऊन आणि औषध त्याला सोसत नाही. कार्ड संध्याकाळी लावा. आणताना गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका. लावण्याआधी व नंतर आठ-दहा दिवस रासायनिक कीटकनाशक फवारू नका.
४) प्रौढ कीटक थोडेच दिवस जगतो. म्हणून कार्ड घरात पडून ठेवू नका. छापलेल्या तारखेच्या आत लावा.

*काम झालं की नाही, कसं कळेल?*
🔸 *घरी:* पट्टीचा छोटा तुकडा काचेच्या स्वच्छ बाटलीत टाका, तोंड कापसाने बंद करून सावलीत ठेवा. कीटक निघाले की उजेडाच्या बाजूला काचेवर बारीक ठिपके चालताना दिसतील. मोबाईलने जवळून फोटो काढून मोठा करून पाहा.
🔸 *कार्डावर:* काळ्या अंड्याला बारीक गोल भोक दिसलं, म्हणजे कीटक बाहेर पडला. भोकं पडलेलं कार्ड विकत घेऊ नका.
🔸 *उसात:* खोडकीड पानाच्या खालच्या बाजूला चपटी, पांढरट अंडी ओळीने घालते. कार्ड लावल्यावर पाच-सहा दिवसांनी वेगवेगळ्या ठिकाणची पानं उलटून बघा. अंडी काळी दिसली तर ट्रायकोग्रामा पोहोचलाय. एक सावधगिरी: अळी निघण्याच्या बेतात असली की अंड्यात तिच्या डोक्याचा एक काळा ठिपका दिसतो. ट्रायकोग्रामाचं अंडं मात्र सगळं काळं असतं, आणि कीटक निघून गेल्यावरही कवच काळंच राहतं.

फवारणीचा निर्णय घेण्याआधी पानं उलटून बघा. शंका आली तर अंड्यांचा फोटो आणि कार्ड लावल्याची तारीख कंपनीच्या नंबरवर पाठवा, पाहून सांगू. शेजारच्या रानात फवारणी होणार असेल तर त्यांच्याशीही आधी बोलून घ्या. वाऱ्यावर येणारं औषध बांध ओळखत नाही.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पीक सल्ला विभाग