प्रतिस्रोत आणि अनुवात : एका नदीवरील शर्यतीच्या निमित्ताने

दिशा दाखविणारे शब्द सामान्यतः निर्विवाद मानले जातात. पूर्व म्हणजे पूर्व आणि वर म्हणजे वर. त्यात अर्थनिर्णयाचा प्रश्न उद्भवू नये, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे ध्यानात येण्यास, वाहते पाणी आणि वाहता वारा यांची परस्परांशी गाठ पडते असे एखादे स्थळ पुरेसे होते. उत्तर अमेरिकेतील कोलंबिया नदीची घळई हे असे स्थळ होय. तेथे होत आलेल्या 'गोर्ज ब्लोआउट' या विंडसर्फिंगच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या आधारे दिशावाचक शब्दांच्या संदर्भबिंदूचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. शर्यतीचे स्वरूप

विंडसर्फिंगचे साधन म्हणजे एक लांबट फळी व तिच्यावर उभारलेले शीड. नेहमीच्या होडीत डोलकाठी घट्ट रोवलेली असते. येथे ती सर्व बाजूंस कलू शकेल अशा सांध्याने फळीस जोडलेली असते. सुकाणू नसते. खेळाडू आडवा दांडा हाती धरून शीड पुढे किंवा मागे कलवतो आणि त्यायोगे फळीचे तोंड वळवितो. कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक व हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ साली या साधनाच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९७० साली ते त्यांस मिळाले.

कोलंबिया नदी वॉशिंग्टन आणि ऑरेगन या राज्यांच्या सीमेवर कॅस्केड पर्वतरांग भेदून पश्चिमेस पॅसिफिक महासागराकडे जाते. या ठिकाणची घळई सुमारे १३० किलोमीटर लांब आणि काही जागी सुमारे १,२०० मीटर खोल आहे. उन्हाळ्यात पर्वतापलीकडील कोरडा अंतर्भाग तापतो व तेथील वायुभार उतरतो. समुद्राकडील हवा मात्र थंड व जड असते. ती या अरुंद वाटेने आत घुसते आणि घळईत पश्चिमेचा जोरदार वारा सुटतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसा येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचेच हे एक विशाल रूप होय, असे म्हणावयास हरकत नाही.

शर्यत स्टीव्हन्सन या गावापासून पूर्वेस हूड रिव्हर या गावापर्यंत जाते. या दोन गावांमधील जलमार्ग सुमारे ३० किलोमीटरांचा आहे. म्हणजे नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि स्पर्धक वाऱ्यासह परंतु प्रवाहाविरुद्ध, अशी ही रचना आहे.

२. उगमदर्शक आणि गंतव्यदर्शक नावे

येथेच पहिली अडचण उपस्थित होते. 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. 'पश्चिमवाहिनी नदी' म्हणजे पश्चिमेकडे जाणारी नदी. वाऱ्यास आपण त्याच्या उगमावरून ओळखतो, पाण्यास त्याच्या गंतव्यावरून. ही केवळ मराठीची लकब नव्हे. वाऱ्याचे नाव तो जेथून येतो त्या दिशेवरून आणि सागरी प्रवाहाची दिशा तो जिकडे जातो तिच्यावरून सांगावी, असा नाविकांचा सर्वत्र रूढ संकेत आहे. या संकेतामागील कारण उघड आहे. वारा कोठून आला यावरून तो कोरडा की दमट, उष्ण की थंड, हे कळते. उलट प्रवाह आपणांस कोठे नेऊन सोडील, हे नाविकास आधी कळावे लागते.

यावरून असे दिसून येईल की, 'पश्चिमी' हे एकच विशेषण वाऱ्यास लावले असता एक अर्थ होतो व प्रवाहास लावले असता त्याच्या नेमका उलट. मराठीत 'पश्चिमेचा' हे षष्ठ्यन्त रूप आणि 'पश्चिमवाहिनी' हा समास हा भेद आपोआप राखतात. तथापि इंग्रजी 'वेस्टर्ली' या शब्दासाठी दोन्हीकडे 'पश्चिमी' असा प्रतिशब्द योजिला, तर भाषेत असलेला भेद भाषांतरात नाहीसा होतो. नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांत नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमवाहिनी नद्यांच्या उगमाकडे वाहतात. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही.

३. गती कशाच्या संदर्भाने?

दुसरी अडचण गतीविषयीची. समजा, किनाऱ्यावर मोजलेला वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटर आहे आणि प्रवाहाचा २. दोहोंच्या दिशा परस्परविरुद्ध असल्यामुळे पाण्याच्या संदर्भाने वाऱ्याचा वेग ४२ होतो. फळी पाण्यावरून ताशी ३५ किलोमीटर वेगाने गेली, तरी किनाऱ्यावरील प्रेक्षकास तो वेग ३३ दिसेल. यांपैकी एकही आकडा चुकीचा नाही. प्रत्येकाचा संदर्भबिंदू वेगळा आहे. वारा पडला तर फळी नुसती थांबत नाही. प्रवाह तिला आरंभस्थानाकडे परत नेऊ लागतो. शिवाय वाऱ्याविरुद्ध वाहणाऱ्या पाण्यावर लाटा आखूड व उभ्या चढणीच्या होतात. ठीक वाऱ्याच्या दिशेने जाऊ लागल्यास वेगाबरोबर शिडास जाणवणारा वारा मंदावतो. म्हणून स्पर्धक वाऱ्याशी कोन करून नागमोडी जातात व ३० किलोमीटरांहून पुष्कळ अधिक अंतर कापतात.

इंग्रजीत प्रवाहाविरुद्ध जाणे आणि वाऱ्याविरुद्ध जाणे या दोहोंस 'अप' हाच शब्द लावतात. म्हणून या शर्यतीतील स्पर्धक एकाच वेळी नदीच्या 'वर' आणि वाऱ्याच्या 'खाली' जात असतो. मराठीत नदीपुरते 'वर' चालते, कारण उगम खरोखरच उंचावर असतो. 'वाऱ्याच्या वर' याचा मात्र 'वाऱ्याहून उंच' एवढाच अर्थ होईल. तात्पर्य, इंग्रजीतील 'अप' हा प्रवाहसापेक्ष आहे, मराठीतील 'वर' हा मुख्यतः उंचीसापेक्ष. घाटावरून कोकणात 'उतरणारा' आणि तेथून देशावर 'चढणारा' मराठी माणूस याच उंचीच्या हिशेबाने बोलत असतो.

४. इतर भाषांची साक्ष

नील नदीवर कोलंबियासारखीच स्थिती आहे : पाणी उत्तरेस वाहते आणि प्रचलित वारा उत्तरेकडून येतो. प्राचीन ईजिप्शियन लिपीत प्रवाहाविरुद्ध, म्हणजे दक्षिणेस, जाणे या क्रियापदापुढे शीड उभारलेल्या नौकेचे चित्र काढीत. प्रवाहाबरोबर उत्तरेस जाण्यासाठी बिनशिडाच्या नौकेचे. 'प्रतिस्रोत' आणि 'दक्षिण' या कल्पना त्या भाषेत इतक्या एकरूप झाल्या होत्या की, पहिल्या थुटमोसच्या टोंबोस येथील शिलालेखात दक्षिणेस वाहणाऱ्या युफ्रेटिसचे वर्णन उलटे फिरलेले पाणी असे केलेले आढळते. नदी उलटी नव्हती. शब्दाचा संदर्भबिंदू नीलेचा होता.

कॅलिफोर्नियातील क्लॅमथ नदीकाठच्या कारुक भाषेत 'करुक' म्हणजे नदीच्या उगमाकडे आणि 'युरुक' म्हणजे मुखाकडे. कारुक व युरोक या दोन जमातींची आज रूढ असलेली नावे या दिशावाचकांवरूनच आली आहेत. कोलंबियाच्या घळईतील विश्रम लोकांची भाषा एडवर्ड सपीर यांनी १९०५ साली अभ्यासिली व त्यांचा 'विश्रम टेक्स्ट्स' हा संग्रह १९०९ साली प्रसिद्ध झाला. ज्या सेलिलो धबधब्याभोवती तेथील मासेमारीचे व व्यापाराचे जीवन गुंफलेले होते, तो १९५७ साली धरणाच्या पाण्याखाली गेला, आणि विश्रम-वास्को भाषा अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ती २०१२ साली निवर्तली. आज त्याच नदीवरून शर्यतीच्या फळ्या जातात, परंतु त्या वाऱ्याविषयी व प्रवाहाविषयी तेथील मूळ भाषा काय म्हणत होती, हे आता बव्हंशी लिखित नोंदींवरूनच शोधावे लागेल.

५. परिभाषेचा विचार

आपल्या परंपरेत या दोन संदर्भांसाठी दोन स्वतंत्र जोड्या उपलब्ध आहेत. 'अनुवात' व 'प्रतिवात' हे शब्द मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात गुरूसमवेत बसण्याच्या नियमांत येतात. 'अनुस्रोत' व 'प्रतिस्रोत' यांची पाली रूपे अंगुत्तरनिकायात प्रवाहाबरोबर व प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या माणसांच्या वर्णनात आढळतात. या शर्यतीची दिशा अनुवात परंतु प्रतिस्रोत आहे, असे म्हटले की कोणताही संदेह उरत नाही.

याउलट 'अनुकूल' व 'प्रतिकूल' हे शब्द पाहावेत. 'कूल' म्हणजे तीर. तीराच्या किंवा उताराच्या अनुरोधाने जाणारे ते अनुकूल. पुढे हा तीर विस्मृतीत गेला आणि 'हितकर' एवढाच अर्थ उरला. लॅटिन 'ऑपोर्टुनुस', म्हणजे बंदराकडे नेणारा वारा, या शब्दाचाही प्रवास असाच झाला. असे शब्द व्यवहारात उपयुक्त असले तरी परिभाषेत धोक्याचे ठरतात. कारण 'अनुकूल वारा' कोणास अनुकूल, हे तो शब्द सांगत नाही. हूड रिव्हरकडे निघालेल्यास अनुकूल असलेला वारा स्टीव्हन्सनकडे परतणाऱ्यास प्रतिकूलच असतो.

म्हणून भूगोल, नौकानयन किंवा हवामान यांविषयी मराठीत लिहिणाऱ्याने दिशावाचक शब्द योजण्यापूर्वी तो वाऱ्याच्या, पाण्याच्या की भूमीच्या संदर्भाने आहे याचा निर्णय करावा, आणि तो संदर्भ शब्दातच व्यक्त होईल अशी रचना स्वीकारावी. मराठीत त्यासाठी लागणारी साधने आहेत. त्यांचा उपयोग जाणीवपूर्वक व्हावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.