कोवळ्या वयातले मातृत्व कसे टाळता येईल?

महाराष्ट्रात १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गर्भवती असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आढळले. देशाची सरासरी ६.८ टक्के होती. पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्यात हे प्रमाण जास्त का? आणि उपाय काय?

कारण काय?
प्रश्न फक्त कॉलेजातल्या प्रेमप्रकरणांचा नाही. त्याच सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के महिलांचे लग्न अठराव्या वर्षाआधीच झाले होते. लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलावा, अशी अनेक घरांत अपेक्षा असते. त्यामुळे गर्भनिरोधनाचा विषय निघतो तो पहिल्या बाळंतपणानंतरच.

धोका कोणता?
या वयात रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, झटके येणे यांचा धोका अधिक असतो. बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मू शकते. मुलीचे शिक्षण सुटते ते वेगळेच.

साधने कोणती?
निरोध गर्भधारणेबरोबरच एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांपासूनही संरक्षण देतो. रोजची 'माला-एन' गोळी, 'छाया' गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा) आणि तांबी हे पर्याय सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. यातले आपल्याला काय योग्य, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी लागते. जितकी लवकर, तितकी परिणामकारक. ही गर्भपाताची गोळी नाही आणि नेहमीच्या साधनाला पर्यायही नाही.

कायदा काय सांगतो?
संमतीचे वय १८ आहे. त्याखालील मुलीशी संबंध हा 'पोक्सो'नुसार गुन्हा असून, तिची संमती असली किंवा ती पत्नी असली तरी त्यात फरक पडत नाही. डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. या भीतीने मुली उशिरा येतात किंवा भोंदू डॉक्टरांकडे जातात. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पालकांच्या लेखी संमतीने अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. २० आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचे मत लागते.

शिकवल्याने मुले बिघडतात?
याच भीतीपोटी २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाला विरोध केला. मात्र अशा शिक्षणामुळे मुलांमधील लैंगिक संबंध वाढत नाहीत, असे 'युनेस्को'ने २०१८ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले होते. शंभर वर्षांनंतरही घरात हा विषय निघाला की चॅनेल बदलले जाते.

मदत कुठे?
सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये समुपदेशन मिळते. गावात आशाताईंना विचारता येते. बालविवाह ठरल्याचे कळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. ७२ तासांची मुदत उपयोगी पडते ती आधीपासून माहिती असलेल्यालाच. म्हणून ही माहिती पाळी सुरू होण्याच्या वयापासून, मुलगा आणि मुलगी दोघांनाही, टप्प्याटप्प्याने द्यायला हवी.