कुणी पाहिलं, एवढं तरी विचारूया

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत आमचं तामलवाडी लागतं. रस्त्यावरचं गाव, त्यामुळे अनोळखी माणसाचं आम्हाला नवल नाही. नवरात्रात आणि कोजागरीला तर आईच्या दर्शनाला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते. आराधी, गोंधळी, पोतराज, डमरू वाजवत भिक्षा मागणारे डवरी गोसावी, सगळ्यांची हीच वाट. कुणी ओट्यावर टेकतं, कुणी तांब्याभर पाणी मागतं. आधी पाणी द्यायचं, नाव-गाव मागाहून विचारायचं, अशी आपल्याकडची रीत.

अशीच भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला गेली होती. साक्री तालुक्यातलं हे लहानसं गाव. त्या रविवारी तिथे आठवड्याचा बाजार होता. ही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, आणि त्यातली बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातली. त्या भागात काही दिवसांपासून मोबाइलवर एकच निरोप फिरत होता, 'मुलं पळवणारी टोळी आली आहे.' बाजारात ही माणसं एका लहान लेकराशी बोलताना दिसली आणि कुणीतरी ओरडलं. पुढचं सांगवत नाही. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच पाचही जणांना ठार केलं. त्याच दिवशी मालेगावातही जमाव अशाच संशयावरून एका कुटुंबावर धावून गेला. त्यांच्याजवळ लहान मूल होतं. तिथे पोलिस वेळेवर मधे पडले म्हणून जीव वाचले.

मुलं पळवणारी टोळी नव्हतीच. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक आठवतोय का? मोटारसायकलवरून दोघं येतात आणि खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. पाकिस्तानातल्या कराची शहरात, आईवडिलांनी मुलांकडे लक्ष द्यावं म्हणून केलेल्या एका जाहिरातीचा तो तुकडा होता. मूळ जाहिरातीत शेवटी ते दोघं मूल परत आणून देतात आणि हातात फलक धरतात. तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला होता. आपल्याकडे 'ध'चा 'मा' करणं म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

एवढं होऊनही आपण शहाणे झालो नाही. १३ सप्टेंबर २०२२ ला सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावात, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना अशाच संशयावरून काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारलं. त्यांनी एका मुलाला फक्त रस्ता विचारला होता.

अशा बातम्या वाचल्या की आपल्यातली कुणीही पटकन म्हणते, "बंद करून टाका ते व्हॉट्सअ‍ॅप! सरकारनं खोटं लिहिणाऱ्या सगळ्यांची तोंडं बंद करावीत!" राग खरा आहे. पण मैत्रिणींनो, तोंड बंद करायचं ठरलं की पहिलं तोंड कुणाचं बंद होतं, तेही पाहू या.

त्यासाठी पालघरला जाऊ. नोव्हेंबर २०१२ मधली गोष्ट. बाळासाहेब ठाकरे यांचं १७ नोव्हेंबरला निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. बंद कशासाठी पाळायचा, असा त्यांचा मथितार्थ. तिच्या मैत्रिणीनं त्याला 'लाइक' केलं. त्या ओळी कुणाला आवडतील, कुणाला टोचतील. पण त्यात अफवा नव्हती आणि कुणाला मारा-झोडा म्हटलेलं नव्हतं. तरी जमावानं तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि पोलिसांनी दोघी मुलींना अटक केली. लिहिणारीला आणि नुसतं बोट लावणारीलाही! देशभर ओरड झाली, दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे गुन्हाही बंद झाला. पण त्या दोन घरांनी काय सोसलं असेल, हे मुलीची आई असलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

त्या मुलींवर जी कलमं लावली, त्यातलं एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ. दुसऱ्याला 'त्रास' किंवा 'गैरसोय' होईल असं काही मोबाइलवरून, संगणकावरून पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम होतं. आता त्रास कुणाला कशाचा होईल, याला काही माप आहे का? सुनेनं सासूला उलट उत्तर दिलं तरी त्रास होतो. पालघरची बातमी वाचून श्रेया सिंघल या तरुणीनं थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. तरीही काही ठिकाणी पोलिस ते लावतच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.

आता राईनपाडा आणि पालघर शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीकडे खोटा निरोप, ज्यानं पाच जीव गेले. तो पहिल्यांदा कुणी तयार केला, हे पुढे पाठवणाऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. दुसरीकडे स्वतःचं नाव घालून मांडलेलं मत. ते लिहिणारी पोरगी दुसऱ्याच दिवशी पोलिस ठाण्यात. अफवेला चेहरा नसतो, म्हणून ती निसटते. मत मांडणाऱ्याला नाव, गाव, पत्ता असतो, म्हणून ते सापडतं. कायदा ढिला आणि मोघम केला की त्यात अडकतं ते मत.

मोठ्या शहरांचं राहू द्या. आमच्या भागातल्या एका गावाचं सांगते, नाव घेत नाही. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका बाईनं लिहिलं, 'नळाला गढूळ पाणी येतंय, पोरांना जुलाब होताहेत.' लगेच उत्तर आलं, 'अफवा पसरवू नका, गावाची बदनामी होते.' तिचा निरोप पुसला गेला. संध्याकाळी ग्रुप असा करून ठेवला की फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. बाई गप्प बसली. घरातूनही तिलाच बोलणी खावी लागली, "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण?"

पण त्या गावात पाणी तपासायला शिकलेल्या बायका होत्या. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच पाच बायकांना हे शिकवलं आहे, तुमच्याही गावात असतील. त्यांनी तपासणीच्या छोट्या बाटलीत नळाचं पाणी भरून ठेवलं. पाण्यात घाण मिसळलेली असेल तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. पडलं! ती काळी बाटली घेऊन बायका ग्रामसभेत गेल्या. मग टाकी धुतली गेली, टीसीएल पावडर पडायला लागली. ज्याला अफवा म्हटलं होतं, ते खरं निघालं. ते खरं ठरवलं बाटलीनं, अ‍ॅडमिननं नव्हे.

याच्या उलटही एक ऐका. गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर निरोप आला, 'गाडीतून तीन बायका फिरताहेत, पोरांना गुंगीचं औषध देताहेत, लगेच पुढे पाठवा.' बैठकीत सगळ्या धास्तावलेल्या. एकीनं तर पोराला दोन दिवस शाळेतच धाडलं नव्हतं. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी, ज्यांना मोबाइलवर फोन उचलण्यापलीकडे काही येत नाही, त्यांनी विचारलं, "कुणी बघितलं गं?" एक म्हणाली, माझ्या जावेला आलं. जावेला फोन लावला, तिला तिच्या बहिणीकडून आलेलं. बहिणीला भिशीच्या ग्रुपवरून. तासभर फोन झाले. बघितलेलं एक माणूस सापडलं नाही. निरोपात गावाचं नाव नाही, तारीख नाही. सगळ्या हसल्या आणि गटाच्या हिशोबाला लागल्या.

एका ठिकाणी खोट्याला खरं समजलो, एका ठिकाणी खऱ्याला खोटं म्हणून दाबलं. दोन्ही वेळा निवाडा झाला तो विचारल्यामुळे आणि तपासल्यामुळे. गप्प बसवून एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

हाच वाद मोठ्या पातळीवरही झाला. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये नियम केला की सरकारी कामकाजाबद्दल इंटरनेटवर जे लिहिलं जाईल, त्यातलं खोटं काय हे सरकारचाच एक विभाग ठरवेल. खोट्या बातम्यांनी लोकांचं नुकसान होतं, असं सरकारचं म्हणणं. ते चूक नाही. पण ज्याच्या कारभाराबद्दल तक्रार, त्यानंच ती खरी की खोटी हे ठरवायचं का? विनोदी कार्यक्रम करणारे कुणाल कामरा आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. आधी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मग सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तो नियम घटनाबाह्य ठरला. आमच्या त्या गावातल्या ग्रुपसारखंच आहे हे, फक्त ग्रुप देशाएवढा.

आपल्याला हे नवीन नाही. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. तेव्हा १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत होत्या. सरकारमधले मोठे नेते समोर असताना त्यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं, पण त्यांनी माघार घेतली नाही. बाईनं बोलू नये असं सांगणारे घरापासून सरकारपर्यंत सगळीकडे भेटतात. म्हणून 'तोंड बंद करा' ही मागणी करताना आपण बायकांनी तरी दहादा विचार करावा.

मग काय, कुणीही काहीही लिहावं? मुळीच नाही. राज्यघटनेनं एकोणिसाव्या कलमात बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं, आणि त्याच कलमात त्याला वाजवी बंधनंही घातली आहेत. लोकांत घबराट पसरेल, समाजासमाजांत भांडण लागेल अशा खोट्या बातम्या आणि अफवा पसरवणं हा आजही गुन्हा आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५३व्या कलमात त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र त्याच कलमात असंही आहे की, खरं मानायला सबळ कारण असेल आणि वाईट हेतू नसेल तर तो गुन्हा नाही. म्हणजे पाण्याची तक्रार करणारीनं घाबरायचं कारण नाही.

अ‍ॅडमिन असलेल्या मैत्रिणींसाठी आणखी एक. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी काही वाईट लिहिलं तर फक्त अ‍ॅडमिन म्हणून तुम्हाला गुन्हेगार धरता येत नाही. तुमचा त्यात हात किंवा संगनमत असायला हवं, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे भीतीपोटी ग्रुपला कुलूप लावू नका. शिवीगाळ करणाऱ्याला काढा, तक्रार करणारीला राहू द्या.

आणि निरोप आलाच तर? राईनपाड्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पुढे पाठवणं बंद केलं. निरोपावर दोन बाणांची खूण दिसली तर तो खूप हातांतून फिरून आला आहे असं समजा. अशा निरोपात गाव, तारीख, सांगणाऱ्याचं नाव आहे का बघा. 'लगेच पुढे पाठवा' असं लिहिलं असेल तर मुद्दाम थांबा. पाठवणारीला फोन करून विचारा, कुणी पाहिलं? खरंच संशय आला तर ११२ वर पोलिसांना कळवा, लेकरू हरवलं किंवा संकटात असेल तर १०९८ लावा. ग्रुपवर टाकून जमाव गोळा करू नका.

लेकरांच्या काळजीनंच आपण असे निरोप पुढे पाठवतो, हे मला माहीत आहे. पण पोटासाठी निघालेल्या त्या माणसांच्या घरीही लेकरं होती. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. आठवडाभरात आलेला एक निरोप सगळ्यांसमोर वाचा आणि तो कुठून निघाला, ते एकेक फोन लावत शोधा. आणि कुणी गावाबद्दल तक्रार लिहिली असेल तर ती पुसण्याआधी दोघी-तिघी जाऊन बघून या.