थांबवलेल्या परिचारिकेचा पगार कोणी द्यायचा?

साथीच्या काळात सरकार आपल्या कामगारांना परदेशी जाण्यापासून अडवते, तेव्हा कारण बहुधा त्यांच्या काळजीचेच सांगितले जाते. फिलिपिन्सने २०२० मध्ये अशी बंदी दोनदा घातली आणि दोन्ही वेळची कारणे अगदी उलट होती. फेब्रुवारीत चीनबरोबरच हाँगकाँग आणि मकावला जायलाही मनाई झाली. सुट्टीवर घरी आलेल्या घरकामगार बायका देशातच अडकल्या, कंत्राट हातचे जाईल म्हणून धास्तावल्या, आणि दोनेक आठवड्यांत सरकारला त्यांना सूट द्यावी लागली. तिथला रोग त्यांना जडू नये, त्यांच्यामार्फत मायदेशी येऊ नये, हा त्या बंदीचा हेतू. एप्रिलमध्ये मात्र डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची पाठवणी थांबली, ती देशालाच त्यांची गरज आहे म्हणून. पहिल्या बंदीत सरकार कामगाराला जपत होते, दुसरीत त्याच्याकडून काही घेत होते. घेतल्याचे मोल द्यावे लागते, आणि माझ्या मते फिलिपिन्सची दुसरी बंदी फसली ती नेमकी इथे.

हा देश काही सहज माणसे गमावत नव्हता. १९७४ च्या कामगार संहितेपासून परदेशी रोजगार हे तिथले सरकारी धोरणच आहे. बाहेरून येणारा पैसा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास असतो. २०१९ मध्ये जवळजवळ १७ हजार परिचारिकांनी परदेशातली कंत्राटे केली. त्या का जातात, याचे उत्तर वेतनात आहे. सरकारी परिचारिकेची किमान वेतनश्रेणी २००२ च्या कायद्याने ठरवून दिली होती. ती लागू करण्याचा वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि प्रत्यक्ष पगारवाढ व्हायला २०२० उजाडले. खासगी रुग्णालयांना तर ती श्रेणी बंधनकारकच नाही. अशा देशात नोकरीचा राजीनामा देऊन, कागदपत्रांचा आणि परीक्षांचा खर्च करून बसलेल्या परिचारिकेला विमानतळावर अडवले, म्हणून ती दुसऱ्या दिवशी वॉर्डात हजर होत नाही. त्यासाठी नेमणूक लागते, पगार लागतो. आधीच कंत्राट झालेल्यांना सरकारने एप्रिलमध्येच वाट मोकळी करून दिली. बाकीच्यांपैकी अनेकजणी नोव्हेंबरपर्यंत ताटकळल्या. मग बंदीच्या जागी वर्षाला ५,००० ची मर्यादा आली. २०२१ च्या मध्यात ती ६,५०० झाली.

या बंदीच्या बाजूने दोन गोष्टी बोलल्या जातात, आणि दोन्ही हलक्या नाहीत. बाहेर जाणे खरोखर जिवावरचे होते, ही पहिली. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार तिथल्या परिचारिकांत फिलिपिनो सुमारे चार टक्के, पण कोविडने दगावलेल्या परिचारिकांत जवळजवळ एक तृतीयांश. पण मायदेशातल्या कोविड वॉर्डातही हाच विषाणू होता. तेव्हा हा मुद्दा संरक्षक साधनांची मागणी बळकट करतो, अडवणुकीची नाही. दुसरी गोष्ट अधिक वजनाची: ऐन साथीत रुग्णालये ओस पडली तर मरणार तिथलेच लोक. हे मला मान्य आहे. महाराष्ट्रानेही मे २०२० मध्ये मुंबईसाठी केरळकडे डॉक्टर आणि परिचारिका मागितल्या होत्या, म्हणजे माणसांची चणचण आपल्याला परकी नाही. पण गरज खरी असली तरी तिचा भार एकट्या परिचारिकेने का उचलावा? तिचे शिक्षण सरकारी पैशावर झाले असते, तर परतफेडीची भाषा शोभली असती. फिलिपिन्समधली बहुतेक परिचर्या महाविद्यालये खासगी आहेत, आणि शुल्क तिच्या घरच्यांनी भरलेले असते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तर या धोरणाचे अंतरंगच उघडे पडले. ब्रिटन आणि जर्मनीने लस द्यावी, म्हणजे त्यांच्यासाठी परिचारिकांची मर्यादा शिथिल करू, असा प्रस्ताव कामगार खात्याकडून आला. परिचारिका देशाला इतक्या अनिवार्य असतील, तर त्या लशीच्या बदल्यात सोडता कशा येतात? सरकारची बाजू घेऊन म्हणता येईल, की लशीने प्राण वाचले असते आणि गरीब देशाकडे घासाघीस करायला दुसरे होतेच काय. तरीही देवघेव सरकारांची आणि ठेव परिचारिकेच्या नोकरीची, हा व्यवहार तिला विचारून ठरलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची भरतीविषयक आचारसंहिता गरीब देशांतली माणसे उपसू नका, असे श्रीमंत देशांना सांगते, पण आरोग्य कर्मचाऱ्याचे स्थलांतराचे स्वातंत्र्यही शाबूत ठेवते. हे दोन्ही सांभाळायचे, तर थांबवण्याला आधीच जाहीर केलेली मुदत हवी, झालेली कंत्राटे पाळली जायला हवीत, आणि जिला थांबवले तिला त्याच आठवड्यात देशातल्या रुग्णालयाचे नेमणूकपत्र मिळायला हवे.