रक्तातील एक पेशी आणि धापेचा विकार

इओसिन नावाचा एक गुलाबी तांबडा रंग आहे. उषेला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्याचे हे नाव पडले. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एरलिख यांनी १८७९ साली काचेवर पसरलेल्या रक्तावर असे रंग चढवून पाहिले, तेव्हा काही पांढऱ्या पेशींतील दाणे उजळ तांबडे दिसू लागले. त्या पेशी म्हणजेच इओसिनोफिल. निरोगी रक्तात पांढऱ्या पेशींपैकी शेकडा चार-पाचांहून अधिक त्या सहसा नसतात. जंतांशी झुंजणे हे त्यांचे एक काम. ॲलर्जीत व दम्यातही त्यांची संख्या वाढते.

या इवल्या पेशीचा संबंध आज धापेच्या एका वेगळ्याच विकाराशी जोडला गेला आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. विडी-सिगारेट वर्षानुवर्षे ओढणाऱ्यांना तो होतो, आणि ज्यांनी विडीला कधी हातही लावला नाही, पण ज्यांचा जन्म चुलीपुढे फुंकणी घेऊन गेला, अशा स्त्रियांनाही होतो. श्वासनलिका अरुंद होतात, फुप्फुसातील वायुकोश झिजतात. झिजलेले भरून येत नाही. त्यात मधूनमधून विकार उसळतो, आणि अशी प्रत्येक उसळी रोग्याला थोडे अधिक खचवून जाते.

उसळी टाळण्यासाठी पंपातून स्टेरॉइड ओढावयास देतात. पण ते सर्वांना सारखे मानवत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक रोग्यांवरील एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, पंपातून स्टेरॉइड घेणाऱ्यांत उसळ्या कमी झाल्या खऱ्या, पण न्यूमोनिया वाढला. मग ते द्यावे कोणाला?

याचे उत्तर शोधण्याची वाट डर्बी येथील डॉक्टर हॅरी मॉरो ब्राउन यांनी १९५८ सालीच दाखविली होती. जुनाट दम्याच्या रोग्यांचा बेडका ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल होते त्यांना प्रेडनिसोलोनचा गुण आला, इतरांना आला नाही. पुढे सीओपीडीतही तसेच दिसून आले. मात्र बेडका तपासणे किचकट. रक्ताची साधी तपासणी गावोगावी होते. २०१९ सालच्या ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शिकेत म्हणून रक्तातील संख्येला स्थान मिळाले. उसळ्या येत असूनही एका घन मिलिमीटर रक्तात १०० हून कमी इओसिनोफिल असतील, तर स्टेरॉइडच्या पंपाने लाभ होण्याचा संभव थोडा. ३०० वा अधिक असतील तर बराच. या काही दगडी भिंती नव्हेत. मधल्या रोग्यांचा निर्णय इतर लक्षणे पाहून करावा लागतो.

तपासणीच्या कागदावर बहुधा शेकडेवारी छापलेली असते, आणि येथेच घोटाळा होतो. पांढऱ्या पेशी ८००० आणि इओसिनोफिल ४ टक्के, तर संख्या ३२०. पेशी ५००० असल्या तर त्याच ४ टक्क्यांचे २०० होतात. शिवाय ही संख्या सकाळी कमी व रात्री अधिक असते, आणि स्टेरॉइडची गोळी घेतली की झपाट्याने उतरते. एकाच कागदावर भरवसा ठेवणे बरे नव्हे.

उसळी आलेली असतानाही या संख्येचा उपयोग होतो. डेन्मार्कमध्ये ३१८ रोग्यांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, इस्पितळात आलेल्यांना पहिल्या दिवसानंतर रक्तातील संख्या पाहूनच स्टेरॉइड दिले गेले. पाच दिवसांऐवजी सरासरी दोनच दिवस औषध पुरले, आणि घरी जाण्यास रोग्यांना त्यामुळे उशीर झाला नाही. मधुमेह वा ठिसूळ हाडे असलेल्या वृद्धांना ही बचत लहान नाही.

आता एक उलटी गोष्ट. उसळीने इस्पितळात आलेल्या रोग्याच्या रक्तात ५० हून कमी इओसिनोफिल असणे हे चिंतेचे लक्षण मानतात. जोराचा जंतुसंसर्ग व शरीरावरील ताण यांमुळे या पेशी रक्तातून ओसरतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली मांडलेल्या एका गुणांकनात, रोगी दगावण्याचा धोका मोजताना, धाप व न्यूमोनिया यांच्या जोडीला या घटीलाही एक गुण दिलेला आहे. अधिक म्हणजे वाईट आणि कमी म्हणजे चांगले, असा सरळ हिशोब येथे चालत नाही.

आपल्या देशात आणखी एक विचार करावा लागतो. आंध्रातील मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातील डॉक्टरांनी १९४० साली क्षयासारख्या भासणाऱ्या, पण इओसिनोफिल फार वाढलेल्या एका विकाराचे वर्णन केले. त्याचे मूळ हत्तीरोगाच्या जंतूंत असल्याचे पुढे उघड झाले. पोटातील जंतांनीही ही संख्या चढते. म्हणून खोकल्याच्या रोग्याच्या कागदावर मोठा आकडा दिसला, तर तो फुप्फुसाच्या खाती मांडण्यापूर्वी जाणता डॉक्टर शौचाची तपासणी सांगतो, आणि रोगी कोणत्या गावाहून आला हेही विचारून घेतो.