पिकअपला सुपरचार्जर बसवावा काय?



गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. कालव्याचे पाणी पोचले तसा धानाच्या या पट्ट्यात काही ठिकाणी ऊसही उभा राहिला. बेणे, खते, धानाची पोती वाहायला पुष्कळांनी पिकअप घेतल्या. पण भरली गाडी पांदणीतून कालव्याच्या भरावावर चढवताना धापा टाकते. गटभेटीला गेलो की तरुण मंडळी विचारतात, "साहेब, अमेरिकेत लोक घरीच सुपरचार्जर बसवतात. आपल्याला जमंल का जी?" प्रश्न चांगला आहे. पण खर्च मोठा आणि गाडी बहुधा कर्जाची, म्हणून उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

सुपरचार्जर म्हणजे काय?

लोहाराचा भाता आठवा. कोळसा तोच, पण वारा घातला की धग वाढते. कारखान्यातही बॉयलरच्या भट्टीत नुसते बगॅस टाकून भागत नाही, पंख्याने हवा ढकलावी लागते. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना ही हवा स्वतः ओढून घेते. सुपरचार्जर ती दाबून भरतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त.

सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्यामुळे तो लगेच जोर देतो, पण थोडी ताकद स्वतःच खातो. टर्बोही हेच काम करतो, मात्र तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० च्या सुमारास दोन पाळ्यांचा ब्लोअर बनवला, तो भट्ट्यांना नि खाणींना वारा घालण्यासाठी वापरात आला. डायमलरने १८८५ मध्ये इंजिनात हवा दाबून भरण्याचे पेटंट घेतले, तर स्वित्झर्लंडच्या ब्युखीने १९०५ मध्ये टर्बोचे. पुढे जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनांवरचे ब्लोअर काढून अमेरिकेतील हौशी मंडळींनी ते पेट्रोल मोटारींवर चढवले. घरी सुपरचार्जर बसवण्याची चाल तिथून वाढली.

तिकडचे इकडे का चालत नाही?

तिकडच्या पुष्कळ पिकअपचे इंजिन मोठे, पेट्रोलचे आणि बिनटर्बोचे असते. त्या-त्या मॉडेलसाठी तयार संच मिळतो. त्यात पंप, पट्टा, हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि गाडीच्या संगणकाची नवी मांडणी, असे सगळे येते. यातले एकही गाळून चालत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक डिझेल पिकअपला टर्बो कंपनीनेच दिलेला आहे. म्हणजे भाता आधीच बसलेला आहे! शिवाय डिझेल इंजिनाची ताकद डिझेलच्या मापावर ठरते. नुसती हवा वाढवली, डिझेल तेवढेच ठेवले, तर फायदा जवळजवळ नाही. आणि डिझेलही वाढवले तर उष्णता वाढते. मग हेड गॅस्केट जाते, पिस्टनचे डोके वितळते, क्लच नि गिअर झिजतात. काळा धूर हे ताकदीचे लक्षण नव्हे, ते न जळलेले डिझेल आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तसेच हे. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात हवा २५ अंशांच्या मानाने सुमारे ६ टक्के आधीच विरळ असते. ती आणखी तापवून भरली तर लाभ घटतो. पेट्रोल गाडीत तर मिश्रण अवेळी पेटून इंजिन टकटक करू लागते नि लवकरच बसते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. वॉरंटी जाते ती वेगळीच. अपघात झाल्यास विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळते. आणि इंजिनाची ताकद वाढली तरी ब्रेक, पाटे, टायर तेच राहतात. चढ चढलेली जादा भरलेली गाडी उतरायचीही असते, हे विसरू नये.

मग करावे काय?

१. एअर फिल्टर पाहावा. तोडणीच्या हंगामात धुळीने तो लवकर तुंबतो.
२. टर्बोच्या नळ्या नि क्लिपा तपासाव्यात. फटीतून हवा गेली की दम जातो.
३. डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे, इंजेक्टर तपासून घ्यावेत.
४. क्लच घसरतो काय, ब्रेक धरून राहतो काय, टायरमध्ये हवा पुरेशी आहे काय, हे पाहावे.
५. चढाच्या पायथ्याशीच खालचा गिअर टाकावा, मध्यावर नव्हे.
६. मोठी ओढ झाल्यावर इंजिन एकदोन मिनिटे मंद चालवून मग बंद करावे. त्याने टर्बो टिकतो.
७. आर. सी. बुकात लिहिले तेवढेच वजन भरावे. एका खेपेऐवजी दोन कराव्यात.

एवढे करूनही गाडी ओढत नसेल, तर ती त्या वजनासाठी नाही असे समजावे आणि ट्रॅक्टर लावावा.

जो पैसा सुपरचार्जरला घालायचा, त्यातला थोडा चारचौघांनी मिळून पांदणीवर मुरूम टाकायला लावला तर साऱ्या गावच्या गाड्यांचा दम वाचेल. सभासदांनी याचा जरूर विचार करावा.

— ऊस विकास अधिकारी